न दुखणारी गाठ

काशीच्या मुन्शी घाटावर बाबांनी त्या सकाळी दाढी करून घेतली नसती, तर आज हा लेख मी लिहीत नसते.

कार्तिक महिना होता. आजी गेल्यापासून बाबांच्या मनात काशी-गया करायचं होतं. शेवटी त्यांच्या निवृत्तीनंतर दहा वर्षांनी तो योग आला. आई, बाबा आणि मी, असे तिघंच नागपूरहून निघालो. बाबा तेव्हा ६८ वर्षांचे. रोज चार किलोमीटर चालायचे, साखर नाही, बीपीची एक बारीकशी गोळी, तोंडातले सगळे दात स्वतःचे. "मला काय धाड भरलीय?" हे त्यांचं आवडतं वाक्य.

दशाश्वमेध घाटावरची गर्दी आईला सोसेना, म्हणून आम्ही पायऱ्यापायऱ्यांनी दक्षिणेकडे चालत गेलो. अहिल्याबाईंचा घाट ओलांडला की मुन्शी घाट येतो. त्याला लागूनच दरभंगा घाट आणि वर ती उंच खांबांची दगडी हवेली. हा घाट बांधणारे श्रीधर नारायण मुन्शी नागपूर दरबारचे मंत्री होते आणि १९१५ साली दरभंग्याच्या महाराजांनी ही जागा विकत घेतली, हे आमच्या नावाड्याने सांगितलं, तेव्हा बाबा एकदम खूश झाले. "म्हणजे आपल्याच गावच्या माणसाचा घाट. इथेच बसू."

तिथे बांबूच्या छत्रीखाली एक नाईदादा आरसा, वाटी आणि वस्तरा मांडून बसले होते. बाबा समोर जाऊन बसले. समोर ऊन चढत होतं, आई गंगेचं पाणी लोटीत भरत होती. नाईदादांनी बाबांची मान डावीकडे वळवली, उजव्या जबड्याखाली वस्तरा नेला आणि थांबले. वस्तरा खाली ठेवला. फेसावरूनच तिथे दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "बाबूजी, ये गाँठ तो फड़क रही है।"

"पुरानी है, दुखती नहीं," बाबा म्हणाले, जणू रुमालावरच्या डागाबद्दल बोलत होते.

मी उठून जवळ गेले. "पुरानी म्हणजे किती, बाबा?"

"असेल पाच-सहा वर्षांची."

आईच्या हातातली लोटी तशीच राहिली. "पाच-सहा वर्षं? आणि मला पत्ता नाही?"

मी हात लावून पाहिला. जबड्याच्या कोपऱ्याखाली, खोल, आवळ्याएवढं काहीतरी घट्ट लागलं. आणि खरंच, ते माझ्या बोटांखाली उडत होतं. वाचकहो, स्वतःच्या वडिलांच्या मानेला याआधी मी कधी हात लावला होता, ते मला आठवेना.

त्याच दुपारी आम्ही आमच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यांकडे गेलो. काशीत मराठी घरांचे उपाध्ये पिढ्यान् पिढ्या आहेत आणि त्यांच्याकडे यजमानांच्या वह्या असतात, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. लाल कापडात बांधलेली लांबट वही गुरुजींनी सोडली. आमचं गाव, आडनाव, गोत्र विचारलं आणि पानं उलटत उलटत आमच्या पानावर आले. आजोबांची सही होती. त्यांच्या वडिलांचं नाव होतं. खाली बाबांचं आणि काकांचं नाव होतं. बाबांनी त्यावरून बोट फिरवलं. डोळे भरून आले होते त्यांचे.

आई हळूच म्हणाली, "आणि ताई?"

ताई म्हणजे बाबांची मोठी बहीण, माझी आत्या. गुरुजी म्हणाले, "मुलींची नावं त्यांच्या सासरच्या वहीत, वहिनी." यात वावगं काही वाटलं नाही. तशीच रीत होती. बाबांनी स्वतःच्या नावाखाली माझ्या भावाचं नाव लिहवून घेतलं आणि आम्ही उठलो.

"गया झाल्याशिवाय डॉक्टरचं नाव काढायचं नाही," असा बाबांचा हुकूम होता. तो आम्ही पाळला. पण नागपूरला उतरल्या उतरल्या मी त्यांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं.

आपल्याकडे मानेत गाठ म्हटली की पहिल्यांदा मनात येतो तो टीबी. ते बरोबरही आहे, कारण मानेतल्या गाठींचा टीबी आपल्याकडे खूप दिसतो. डॉक्टरांनी ताप, वजन, खोकला विचारलं. काहीच नव्हतं. तरी खात्रीसाठी त्यांनी सुईने पाणी काढून तपासायला सांगितलं. ही तपासणी साधी असते, पाच मिनिटांत होते. आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो.

तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. सुई हातात घेण्याआधी त्यांनी गाठीवर बोटं ठेवली. मग ती आडवी ढकलून पाहिली. हलली. वरखाली ढकलून पाहिली. जागची हलली नाही. मग स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि सुई परत ट्रेमध्ये ठेवली. "काका, याला मी टोचणार नाही. आधी मानेचा डॉप्लर करून घ्या."

त्या बाईंचे उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही.

मोठ्या डॉक्टरांनी नंतर समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. हृदयातून मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी मानेत दोन्ही बाजूंना असते. तिला कॅरोटिड म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गुंगी आणणारी, कारण ती दाबली तर माणूस बेशुद्ध होतो. (म्हणून हे वाचता वाचता मान जोरात दाबून पाहू नका, दोन्ही बाजू एकदम तर मुळीच नको.) जबड्याखाली ही वाहिनी दुभंगते. एक फाटा मेंदूकडे, एक चेहऱ्याकडे. त्या दुभंगाच्या बेचक्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो. त्याचं नाव कॅरोटिड बॉडी.

हा दाणा रक्ताची चव घेतो, असं म्हटलं तरी चालेल. रक्तात प्राणवायू कमी झाला की तो मेंदूला कळवतो आणि आपला श्वास आपोआप जोरात चालू लागतो. स्पेनचे फर्नांडो दे कास्त्रो यांनी १९२० च्या दशकात या दाण्याची रचना बारकाईने पाहून हे ओळखलं. बेल्जियमचे कॉर्नेल हेमन्स यांना श्वासाच्या या यंत्रणेवरच्या कामासाठी १९३८ चं नोबेल मिळालं. तुम्ही लेह-लडाखला गेलात आणि पहिल्या दिवशी धाप लागली, तर तुमच्या मानेतले हे दोन दाणे आपलं काम करत होते असं समजा.

या दाण्याचीच कधी कधी गाठ होते. ती फार दुर्मीळ आहे. बहुतेक वेळा कर्करोगाची नसते, वाढते अगदी हळू, सरासरी वर्षाला एखाद-दुसरा मिलिमीटर. आणि सहसा दुखत नाही. इथेच घात होतो. जे दुखत नाही त्यासाठी आपण डॉक्टरकडे जात नाही. ही गाठ रक्ताने ठासून भरलेली असते, म्हणून ती ठोक्याबरोबर उडते, कानाला त्यात सूं-सूं आवाज येतो, आणि म्हणूनच तिच्यात सुई घालणं धोक्याचं ठरू शकतं. ती रक्तवाहिनीला चिकटलेली असते, त्यामुळे आडवी हलते पण वरखाली हलत नाही. त्या डॉक्टर बाईंनी बोटांनी जे पाहिलं ते हेच.

सीटी अँजिओग्राफीचं चित्र डॉक्टरांनी बाबांना दाखवलं. रक्तवाहिनीचे दोन फाटे एकमेकांपासून फाकले होते आणि मध्ये गाठ बसली होती. बाबा चष्मा वर करून म्हणाले, "गलोलीच्या बेचक्यात पेरू अडकलाय." डॉक्टर हसले. पण मग त्यांनी डाव्या बाजूला बोट ठेवलं. तिथेही एक होती. अगदी लहान, आठ मिलिमीटरची.

"दोन्ही बाजूंना आहे म्हणजे घरात विचारावं लागेल," ते म्हणाले.

त्यानंतरचा अर्धा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. इतके प्रश्न आम्हाला याआधी कोणी विचारले नव्हते. गाठ पहिल्यांदा कधी जाणवली? तेव्हा केवढी होती? आवाज बदललाय का? पाणी पिताना ठसका लागतो का? गिळताना अडकतं का? जीभ एका बाजूला वळते का? एका डोळ्याची पापणी खाली आलीय का? मान वळवली की चक्कर येते का? मध्येच छातीत धडधड, दरदरून घाम, डोकं ठणकणं, असं एकदम होतं का? हे शेवटचं अशासाठी, की अशा काही गाठी ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं रक्तात सोडतात आणि बीपी एकदम उसळतं. ऑपरेशनच्या आधी ते माहीत नसेल तर भूल देताना जिवावर बेतू शकतं. म्हणून त्याची वेगळी तपासणी करतात.

मग विचारलं, "काका, कधी खूप उंचावर राहिलात का? डोंगराळ भागात, वर्षानुवर्षं?"

बाबा म्हणाले, "आयुष्य नागपुरात गेलं. ३१० मीटर."

प्रश्न उगाच नव्हता. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, जिथे हवा विरळ आहे, तिथल्या लोकांत ही गाठ इतरांपेक्षा जास्त आढळते. तिथल्या गुरांतही ती सापडली आहे. आयुष्यभर कमी प्राणवायूशी झगडून तो दाणा मोठा होत जातो. आणि उंचावर राहणाऱ्यांत बायकांना ती अधिक होते.

शेवटचा प्रश्न: "रक्ताच्या नात्यात कोणाला मानेत गाठ होती?"

बाबा लगेच म्हणाले, "नाही. कोणालाच नाही." आणि मी गप्प बसले, कारण मलाही काही आठवलं नाही. आठवलं ते आईला. सून म्हणून घरात आलेल्या बाईला.

"ताईंना होती की," आई म्हणाली. "गंडमाळ म्हणायचे सगळे."

वाचकहो, आता मला ते सांगायचंय ज्याची मला लाज वाटते.

माझी आत्या जबलपूरला असायची. दिवाळीला माहेरी यायची. तिचा आवाज घोगरा होता, फाटक्या कापडासारखा. पाणी पिताना तिला ठसका लागायचा आणि ती पदर तोंडावर धरून स्वयंपाकघरात पळायची. गळ्यात कायम रुमाल किंवा पदर गुंडाळलेला. आम्ही मुलं तिला मागे 'घोगरी आत्या' म्हणायचो. मी तिची नक्कल फार छान करायचे. सगळे पोट धरून हसायचे. एकदा तीही हसली होती.

तिला टीबीची औषधं दोनदा दिली गेली होती. गाठ गेली नाही. मग कोणी पुढे पाहिलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. १९९८ साली ती न्यूमोनियाने गेली. आवाज बसणं, पाण्याचा ठसका, मानेतली गाठ, सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं. गाठीजवळून जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब आला की नेमकं हेच होतं. आणि मी त्याची नक्कल करत होते.

डॉक्टरांनी आईचं सगळं बोलणं शांतपणे लिहून घेतलं. मग म्हणाले, "काकू, तुम्ही आज मला जे दिलंत ते सीटीतही नव्हतं."

बाबांच्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली. एसडीएचडी नावाच्या जनुकात बदल सापडला. या जनुकाचा आणि या गाठींचा संबंध २००० साली उघड झाला. त्याची चाल मोठी विचित्र आहे. समजायला मला वेळ लागला, म्हणून सावकाश सांगते.

हा बदल आईकडूनही येऊ शकतो, वडिलांकडूनही. प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी. पण वडिलांकडून मिळाला तर गाठी होतात. आईकडून मिळाला तर जवळजवळ कधीच होत नाहीत. तो मूल अंगावर न दाखवता वागवतं. आणि तसं मूल मुलगा असेल, तर त्याच्या मुलांमध्ये गाठ पुन्हा डोकं वर काढते.

म्हणजे आमच्या घरी काय झालं असेल? आजोबांना ९१ वर्षांपर्यंत मानेत काही नव्हतं. बहुतेक त्यांना हा बदल त्यांच्या आईकडून आला. तो गप्प राहिला. त्यांच्याकडून बाबांना आणि आत्याला आला, आणि दोघांनाही गाठी झाल्या. आजोबांची ती आई कोणाची, कुठली, तिचं माहेरचं आडनाव काय, हे आमच्या घरात आज कोणालाच सांगता येत नाही. काशीच्या वहीतही ती नाही.

आणि आत्याची मुलं? तिला दोन मुलगे. त्यांना स्वतःला बहुधा काही होणार नाही. पण त्यांच्यात तो बदल उतरला असेल, तर त्यांच्या मुलांना होऊ शकतं. आत्याला जाऊन वीस वर्षं झाली तरी तिच्या नातवंडांपर्यंत ही गोष्ट पोचायला हवी होती. आणि आमच्या दोन घरांत बोलणं बंद होतं.

कारण तुम्ही ओळखलं असेल. घर. आजोबांच्या घराच्या हक्कसोडपत्रावर आत्याने सही केली होती, पण तिच्या मुलांच्या मते ती तिच्याकडून करवून घेतली गेली. खरं काय, यात मी इथे शिरत नाही. एवढंच की पंधरा वर्षांत एकमेकांच्या घरची लग्नंही आम्ही इतरांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर पाहिली.

आधी ऑपरेशन झालं. फक्त उजव्या बाजूचं. डावीकडची लहान आहे, तिच्यावर वर्षातून एकदा एमआरआयने नजर ठेवायची असं ठरलं. दोन्हीकडचं काढलं तर बीपी सांभाळणारी यंत्रणाच डळमळू शकते, म्हणून डॉक्टर घाई करत नाहीत. आदल्या दिवशी मांडीतून बारीक नळी नेऊन गाठीचा रक्तपुरवठा कमी केला. दुसऱ्या दिवशी चार तास लागले. या गाठी रक्तवाहिनीला किती वेढून बसल्यात त्यावरून त्यांचे तीन प्रकार करतात, शॅम्बलिन यांनी १९७१ मध्ये सुचवलेले. बाबांची मधल्या प्रकारातली होती. अर्धवट वेढलेली.

घरी आल्यावर सगळं लगेच ठीक झालं नाही, हेही सांगते, कारण तुमच्या घरात कोणाला हे करावं लागलं तर घाबरू नये. बाबांची जीभ तीन महिने उजवीकडे वळत होती. 'र' नीट उमटत नव्हता. आणि एक अजब गोष्ट: प्रत्येक जेवणाच्या पहिल्या घासाला त्यांच्या जबड्यात जीवघेणी कळ यायची. दुसऱ्या घासाला कमी, चौथ्या-पाचव्याला गायब. आम्हाला वाटलं त्यांचं काहीतरी नाटक. डॉक्टर म्हणाले, याला नाव आहे, 'फर्स्ट बाइट सिंड्रोम', या भागातल्या ऑपरेशननंतर काहींना होतो. आई मग पहिला घास मऊ दूधभाताचा द्यायची आणि तोवर स्वतः जेवायला बसायची नाही. वर्षभरात ते पुष्कळ कमी झालं.

मग आमची पाळी. भाऊ आणि मी, दोघांनीही तपासणी करून घेतली. भावाला तो बदल नाही. मला आहे. माझ्या मानेत आज काही नाही. ठराविक काळाने एमआरआय, बीपीवर लक्ष, एवढंच. माझ्या दोन मुलांना तो माझ्याकडून मिळाला असला तरी गाठी होण्याची भीती जवळजवळ नाही. पण मुलाला मी हे सांगून ठेवलंय. तो बाप होईल तेव्हा त्याला हे माहीत हवं. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे माझ्यात काही नसलं तरी मी विचारत राहायचं?" मी म्हटलं, हो.

राहिला जबलपूरचा फोन.

तो मी तीन आठवडे टाळला. बाबा म्हणाले, मी करतो, पण त्यांचा 'र' अजून नीट नव्हता आणि त्यांना तसा आवाज त्या घरात ऐकवायचा नव्हता. शेवटी एका रविवारी मी आतेभावाला लावला. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. लहानपणी मला सायकलवर पुढे बसवून न्यायचा.

"दादा, मी बोलतेय."

बराच वेळ काही नाही. मग, "घराच्या कागदाचं असेल तर वकिलाशी बोल."

"घराचं नाही. आत्याच्या गळ्याचं आहे."

मी सगळं सांगितलं. मध्ये त्याने एकदाही अडवलं नाही. बाबांचं ऑपरेशन, जनुक, माझा रिपोर्ट. आणि शेवटी, जे ठरवलं नव्हतं तेही तोंडून गेलं: "दादा, मी आत्याची नक्कल करायचे. तुला आठवत असेल."

तो म्हणाला, "आईला माहीत होतं. ती म्हणायची, पोरीचा गळा चांगला आहे, गाणं शिकवा."

मग तो म्हणाला, "रिपोर्ट पाठव."

मी पाठवला. त्याने स्वतःची तपासणी केली, मग त्याच्या मुलीने केली. तिचं वय २६. तिचा निकाल काय आला ते मी इथे लिहिणार नाही. तो तिचा आहे. पण वेळेवर आला, एवढं सांगते. घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. फोन मात्र सुरू झालेत.

आता तुमच्याशी थोडं बोलते. मी डॉक्टर नाही. पण दोन वर्षं डॉक्टरांच्या दारात बसून जे शिकले ते तुमच्या हाती देते.

मानेतली कोणतीही गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर दाखवा. दुखत नसली तरी. दुखत नसली तर जास्तच. बहुतेक गाठी साध्या निघतात. ती बाबांसारखी निघण्याची शक्यता फारच थोडी आहे, त्यामुळे घाबरून इंटरनेटवर रात्र काढू नका. पण गाठ उडते असं वाटलं तर ते डॉक्टरांना आधी सांगा, सुई लावण्यापूर्वी सांगा. घरात कोणाचा आवाज महिनोन् महिने बसलेला असेल, पाण्याचा ठसका नेहमीचा झाला असेल, तर 'त्यांचं तसंच आहे' असं म्हणू नका. पोरं नक्कल करत असतील तर त्यांच्याकडेही लक्ष द्या. पोरांना बदल आधी दिसतो.

आणि डॉक्टरकडे जाताना फायलीबरोबर घरातली जुनी बाई घेऊन जा. आई, सासू, काकू, मावशी, जी असेल ती. कोणाला काय झालं होतं, लोक त्याला काय म्हणायचे, कोण कशाने गेलं, हे तिला ठाऊक असतं. 'गंडमाळ', 'घशाचा आजार', 'झटके', 'घाबरं होणं', असे जुने शब्द जसेच्या तसे सांगा. अर्थ लावण्याचं काम डॉक्टरांचं. तिचं सांगणं एका वहीत लिहून ठेवा, तारखांसकट. मुलींकडच्या बाजूसकट. आमच्या घरच्या आजाराने मुलगा-मुलगी असा भेद केला नाही. लिहिणाऱ्यांनी केला होता.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा काशीला गेलो. या वेळी बाबांचाच आग्रह होता. मुन्शी घाटावर तीच बांबूची छत्री, तेच नाईदादा. बाबा समोर बसले. नाईदादांनी ओळखलं नाही, दिवसाला किती माना त्यांच्या हाताखालून जात असतील. पण उजव्या जबड्याखालचा लांब व्रण दिसल्यावर ते थांबले. बाबांनी सांगितलं, "आप ही ने पकड़ी थी।" नाईदादांनी कान पकडून वर हवेलीच्या पलीकडे, देवळाच्या दिशेला हात जोडले आणि व्रणाच्या कडेने वस्तरा इतका हळू फिरवला की अख्खी दाढी व्हायला अर्धा तास लागला. पैसे घेईनात. बाबांनी आरशाखाली नोट सरकवून ठेवली.

दुपारी गुरुजींकडे गेलो. वही सुटली, आमचं पान आलं. बाबा म्हणाले, "माझ्या बहिणीचं नाव लिहायचंय."

गुरुजी म्हणाले, "सासरच्या वहीत असेल ते."

"असू दे. इथेही लिहा. आणि तिची मुलं, नातवंडंही. हिचंही लिहा," माझ्याकडे बोट दाखवून बाबा म्हणाले, "आणि हिच्या मुलांचं."

गुरुजींनी पानाकडे पाहिलं. जागा फारशी नव्हती. मग त्यांनी टाक नव्हे, साधं बॉलपेन उचललं आणि समासात, बारीक अक्षरात, आत्याचं नाव लिहायला घेतलं. माहेरचं आडनाव की सासरचं, त्यांनी विचारलं.

बाबा म्हणाले, "दोन्ही."